बेलाखालची राख

आमच्या सोसायटीत नवीन कुटुंब राहायला आलं की पहिल्या आठवड्यात त्यांच्यातला एक जण तरी वळसंगे अण्णांना उचलायला धावतो. कारण सकाळी साडेसहाला अण्णा हिरवळीवर पालथे पडलेले असतात. अंगाखाली चौपदरी घातलेली जुनी चादर, डोक्याला कानटोपी, दोन्ही कोपरं जमिनीला टेकलेली आणि नाक गवतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, म्हातारा चक्कर येऊन पडला. मागे एका नव्या भाडेकरूने धावत येऊन पाण्याची अख्खी बाटली त्यांच्या मानेवर रिकामी केली. अण्णांनी मान न वळवता सांगितलं, "थोडं डावीकडं ओता. तितं गरज हाय."

मी या सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मी मागितलेलं नाही. ज्या सभेत माझं नाव ठरलं त्या सभेला मी गेले नव्हते, एवढाच माझा अपराध. दिवसभर मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसते. त्यामुळे अर्ज घेणं आणि त्यावर काहीही न करणं, या दोन्ही गोष्टी मला चांगल्या जमतात. अण्णांच्या बाबतीत हा अनुभव फार उपयोगी पडला. 'विषय: हिरवळीवर चप्पल घालून चालू नये', 'विषय: मोती नावाच्या कुत्र्यास दुसरीकडे नेणे', 'विषय: माझ्या अंगावर पाणी ओतू नये', असे त्यांचे अर्ज माझ्याकडे ओळीने लावून ठेवलेले आहेत.

अण्णा मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. इथल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते तीस वर्षं लॅब अटेंडंट होते. सोसायटीतल्या पोरांना ते प्रोफेसर वाटतात आणि कुणी तसं म्हटलं की अण्णा भडकतात. "प्रोफेसर नव्हं मी. प्रोफेसर नुसतं सांगायचे. दाखवायचो मी!" सूर्यफुलाच्या खोडाचा काप ते दाढीच्या पात्याने इतका पातळ काढत, की काचेवर तो ठेवलाय की नाही हे शोधायलाच भिंग लागायचं. "अर्धं सोलापूर माझ्या सूर्यफुलावर पास झालंय," हे ते मला आजवर किती वेळा म्हणाले असतील याची नोंद मी ठेवलेली नाही.

त्यांचं दुसरं वाक्य म्हणजे, "आधी भिंग, मग तोंड." हे वाक्य सोसायटीत सगळ्यांना पाठ आहे आणि सगळ्यांना त्याचा त्रास आहे. समजा तुम्ही सहज म्हणालात, "अण्णा, कढीपत्त्यावर कीड पडलीय." अण्णा लगेच, "बघितली?" "हो, पांढरं पांढरं दिसतंय." "भिंगातनं बघितली?" "नाही." "मग बोलू नका." आणि खिशातून पितळी कडीचं भिंग काढून "नोडी, नोडी," म्हणजे बघा, बघा, असं म्हणत तुमच्या डोळ्याला लावणार. एकदा भिंग लागलं की तुमची बस गेली असं समजायचं.

आता त्या हिरवळीबद्दल. फार काही मनात आणू नका. दोन इमारतींच्या मधे बॅडमिंटनचं एक कोर्ट बसेल एवढी जागा आहे. तिथे आपसूक गवत पसरलंय. तळमजल्यावरच्या मंदाताई त्याला दूर्वा म्हणतात, अण्णा हरळी म्हणतात आणि आमचे चेअरमन येमूल साहेब त्याला वाया गेलेली जागा म्हणतात. कडेला बेलाचं एक झाड आहे. आमच्या भागात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा गवताला पाणी घालतो म्हणणाऱ्याला लोक वेड्यातच काढतात. अण्णा त्यावर उपाय म्हणून घराघरांतल्या फिल्टरचं वाया जाणारं पाणी बादलीत गोळा करतात आणि रोज संध्याकाळी बेलाखाली ओततात. हे सगळं कुणासाठी, तर पाहुण्यांसाठी.

पाहुणे हा अण्णांचाच शब्द. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाची झड लागून उघडीप झाली आणि एका सकाळी हिरवळीवर हातभर रुंदीचा करडा पट्टा दिसला. पात्यापात्यावर राख सांडल्यासारखी. येमूल साहेबांनी वरून पाहिलं आणि मला फोन केला. मी कर्तव्यदक्षपणे फलकावर सूचना लावली: 'हिरवळीवर राख टाकू नये. टाकणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' दुपारपर्यंत त्या सूचनेवर लाल पेनाने दुरुस्ती झालेली होती. 'राख' या शब्दावर काट, आणि खाली, 'राख नव्हे. फायसॅरम सिनेरियम. कारवाई करून पाहावी.'

संध्याकाळी अण्णांनी आम्हा सगळ्यांना हिरवळीवर उभं करून व्याख्यान दिलं. "हे झाड न्हाय. प्राणी न्हाय. बुरशीबी न्हाय."

"मग काय आहे?" येमूल साहेबांनी विचारलं.

"पाहुणा हाय. आधी पातळ असतो, शेंबडावानी. गवताच्या बुडाशी फिरत असतो, बारीक जंतू खात. कुणाला दिसत न्हाय. मग पोट भरलं की एक दिवस पात्यावर चढतो आनि रातीत त्याचे खसखशीएवढे मणी होतात. वाळले की फुटतात, ती ही भुकटी. गवताचं काय वाकडं करत न्हाय. चार दिवस राहतो, जातो." मग थोडं थांबून, "डोकं न्हाय, डोळे न्हाय, पाय न्हाईत. तरी कुटं जायचं ते त्याला बरोबर कळतं. आमच्या कमिटीला तीस जण मिळून कळत न्हाय."

त्या दिवसापासून येमूल साहेब आणि अण्णा यांच्यात बोलणं फक्त माझ्यामार्फत, म्हणजे लेखी.

अण्णांची बायको गंगाक्का. तिसऱ्या मजल्यावर ही दोघंच राहतात, मुलगी लग्न होऊन बेळगावला. गंगाक्का कमी बोलणारी बाई. पूर्वी त्या रोज पहाटे शेजारणीबरोबर महादेवाला जायच्या. शेजारीण मुलाकडे पुण्याला राहायला गेली, मग गुडघे धरले, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. बावन्न पायऱ्या. हळूहळू त्या उतरेनाशाच झाल्या. "खाली येऊन कुणाशी बोलू?" म्हणायच्या. कुणी हाक मारली तर गॅलरीतून हात हलवायच्या, तेवढंच. मी अर्जावर सही घ्यायला वर गेले की मला बसवून शेंगाचटणी आणि कडक भाकरी पुढे ठेवायच्या. ती चटणी उघडण्यापूर्वी बरणीवरची चिकटपट्टी वाचायची असते, हे मी पहिल्याच भेटीत शिकले. अण्णांनी एकदा कसलीशी भुकटी चटणीच्या रिकाम्या बरणीत ठेवली होती. तेव्हापासून गंगाक्कांनी फ्रीजमधल्या प्रत्येक बरणीला पट्टी लावली. पट्ट्या दोनच प्रकारच्या: 'खायचं' आणि 'ह्यांचं'.

गेल्या वर्षी सप्टेंबरात पाहुणे पुन्हा आले, आणि ते नेमके बेलाखाली आले. बुंध्याभोवती करडी, मऊ, गोलाकार राख. मंदाताई सकाळी दूर्वा खुडायला आल्या होत्या. त्यांनी आधी बेलाकडे पाहिलं, मग राखेकडे, मग पायातली चप्पल काढली. चिमूट घेऊन कपाळाला लावली आणि मोठ्याने "हर हर महादेव" म्हणाल्या. पाच मिनिटांत दहा माणसं जमली. ही बेलाखाली आलेली विभूती आहे, याबद्दल कुणाच्याही मनात शंका नव्हती. फक्त सगळे अण्णांकडे बघत होते. अण्णा तीन फुटांवर चादरीवर पालथे होते, डोळ्याला भिंग होतं, आणि त्यांचं तोंड उघडायला लागलेलं मला स्पष्ट दिसलं. मी मनातल्या मनात ऑफिसला उशीर होणार हे मान्य केलं.

तेवढ्यात वरून हाक आली. "काय झालं गं मंदा?"

तिसऱ्या मजल्यावर गंगाक्का कठड्याला टेकून उभ्या होत्या.

"विभूती आलीय, अक्का! बेलाखाली!"

गंगाक्कांनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "थांब. येते."

त्यांना उतरायला पाऊण तास लागला असं मला वाटलं. घड्याळात पंधरा मिनिटं झाली होती. काठी टेकत त्या हिरवळीवर आल्या, वाकल्या, चिमूटभर राख घेऊन तीन बोटांनी कपाळावर आडवी ओढली. कितीतरी महिन्यांनी त्यांना मी उन्हात पाहत होते. अण्णा तोवर उठून बसले होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. त्यांनी खिशातून दुसरं भिंग काढलं आणि बायकोपुढे धरलं. आम्हा सगळ्यांना 'नोडी' म्हणणारे अण्णा तिला एकेरीत, हळूच म्हणाले, "नोड."

गंगाक्कांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. "झ्याक हाय की," म्हणाल्या.

त्यानंतर अण्णांचं जे काही सुरू झालं, ते पाहून मला वाटलं, एखाद्याने परीक्षेत कॉपी करावी तर इतक्या मेहनतीने करू नये. सकाळी गंगाक्का बेलाखाली उतरतात म्हणून हा माणूस संध्याकाळी बादल्या ओतायचा, पाहुण्यांना खायला म्हणून ओट्स कुटून गवतात पसरायचा आणि कुठल्याशा बरणीतून करडी भुकटी बोटाने टिचकी मारून शिंपडायचा. त्याने पाहुणे खरंच येतात का, मला माहीत नाही. पण त्या पावसाळ्यात आले खरे, कधी या बाजूला, कधी त्या. जेव्हा जेव्हा आले तेव्हा गंगाक्का उतरल्या. बावन्न पायऱ्या खाली, बावन्न वर. मंदाताईंनी त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. बायका जमू लागल्या. गंगाक्कांना हसताना मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

मी एकदा अण्णांना गाठलंच. "अण्णा, तुमच्यासारख्या माणसाने खोटं बोलावं?"

"मी कुटं बोललो?" अण्णा म्हणाले.

"तेच की. बोलला नाहीत."

अण्णांनी बादली खाली ठेवली. "सेक्रेटरीबाई, ती खाली येती. दोन वर्सं म्या सांगून सांगून दमलो, डॉक्टर सांगून दमले. ह्या बिनडोक्याच्या जिवानं तिला खाली आणली. मी आता मधी तोंड घालू?"

आवक-जावक टेबलावर बसणाऱ्या माणसाला काही कागद आत न पाठवता तसेच ठेवायची सवय असते. मी हे तसंच ठेवलं.

यंदा पाऊस सुरू झाला आणि येमूल साहेबांनी ठराव मांडला: हिरवळीच्या जागी पेव्हर ब्लॉक बसवून गाड्या लावायची सोय करावी. अण्णांनी सात पानी अर्ज दिला, सोबत रंगीत पेन्सिलने काढलेल्या आकृत्या. येमूल साहेबांनी आकृत्या पाहिल्या आणि अर्ज माझ्याकडे परत केला. रविवारी सकाळी दहाला हिरवळीवरच सभा भरली. बायका एका बाजूला, मधे गंगाक्का त्यांच्या खुर्चीवर, कपाळावर ताजा करडा पट्टा.

मंदाताई उभ्या राहिल्या. "विभूतीच्या जागेवर गाड्या लावायच्या? पाप लागेल!"

येमूल साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी हात जोडले. "ताई, मी देवभोळा माणूस आहे. इथे विभूती येत असेल तर एक ब्लॉक बसवणार नाही. पण दोन वर्षांपूर्वी याच जागी वळसंगे अण्णांनी आपल्याला तासभर उभं करून सांगितलं होतं, की हा कसलातरी जंतू आहे. म्हणून आज मी त्यांनाच विचारतो. त्यांचा शब्द मला मान्य. अण्णा, विभूती की जंतू? एका शब्दात सांगा."

मी मिनिट्सच्या वहीवर पेन धरून बसले होते. माणसाला किती सोपं होतं! 'विभूती' म्हटलं की हिरवळ वाचत होती, बेल वाचत होता, पाहुणे वाचत होते आणि गंगाक्कांची सकाळही. नुसतं गप्प बसले असते तरी पुरलं असतं, गेलं वर्षभर पुरलंच होतं. पण आजवर कुणी त्यांना समोरासमोर विचारलं नव्हतं.

अण्णा उठले. कानटोपी काढून हातात घेतली. त्यांनी येमूल साहेबांकडे पाहिलं नाही, आमच्याकडे पाहिलं नाही. ते गंगाक्कांकडे बघत होते.

"विभूती नव्हं," ते म्हणाले. "इल्ल, न्हाय. फायसॅरम सिनेरियम हाय ते. पाणी मी घालतो, खायलाबी मीच घालतो. आधी सांगायला पायजे होतं. सांगितलं न्हाय. चुकलं."

आणि खाली बसले. मला इतकं वाईट वाटलं, की मी ते वहीत लिहिलं नाही. गंगाक्का स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

मग मंदाताई म्हणाल्या, "असू दे. अण्णा बॉटनीवाले. त्यांना विभूतीतलं काय कळतंय?"

"तेच की," तीन-चार बायका एकदम म्हणाल्या. "पाणी घातल्यानं कुठं राख उगवते का?"

तीस वर्षं दाखवणाऱ्या माणसाने अखेर तोंडाने सांगितलं, आणि सभेने ते बहुमताने फेटाळलं. अर्धा तास गोंधळ झाला. शेवटी असा ठराव झाला, की ब्लॉक बसवावेत, मात्र बेलाभोवतीची जागा सोडावी. किती सोडावी यावर पुन्हा वाद होणार, तेवढ्यात कुणीतरी अण्णांची चादर उचलून पूर्ण उलगडून बेलाखाली अंथरली. एका चादरीएवढी, असं ठरलं. मी तसंच लिहिलं. अण्णांनी वहीत सही केली आणि कुणाशी न बोलता वर गेले. जागा वाचली होती, पण ते जिंकलेल्या माणसासारखे चालत नव्हते.

सोमवारी सकाळी साडेसहाला मी गॅलरीतून पाहिलं. अण्णा आले, चादर घातली, पण पालथे पडले नाहीत. जिन्याकडे पाठ करून नुसते बसून राहिले. भिंग खिशातच. कालची राख उडून गेली होती, गवतावर नवं काही आलेलं नव्हतं. आज कोण उतरणार आहे, आणि कशासाठी, असं ती पाठ बघून मला वाटलं.

आणि मग जिन्यात काठीचा आवाज आला.

मी पहिल्या मजल्यावर राहते. दार उघडून बाहेर आले तर गंगाक्का एकेक पायरी उतरत होत्या. मी हात दिला. "अक्का, काल अण्णांनी सांगितलं ते तुम्ही ऐकलंत ना?"

"ऐकलं की. मला ठाऊकच हुतं."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापास्नं. ती भुकटी आमच्याच फ्रीजमदी हाय की गं बरणीत. पट्टी म्याच लावलीय, 'ह्यांचं' म्हणून." त्या दम घ्यायला थांबल्या. "कपाळाला लावायची आनि वर गेलं की तोंड धुवायची. जित्तं हाय म्हनत्यात ते, कशाला ठेवायचं कपाळावर?"

"मग एवढ्या पायऱ्या कशासाठी?"

गंगाक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काहीच शिकलेली नाही. "रिटायर झाल्यापास्नं त्यास्नी दाखवायला कोन हुतं? तुमी समदी भिंग बघितलं की पळता. घरात मला दाखवायला आणलं की मीबी म्हनायची, नंतर. मग त्यांनी आणायचंच सोडलं. त्या दिशी वरनं बघितलं, दहा मानसं भवती आनि ह्यांच्या भिंगातनं बघायला कोन न्हाय. म्हटलं, आपुनच जावं."

आम्ही खाली पोचलो. अण्णांना पावलं ऐकू आली असणार, पण त्यांनी मान वळवली नाही. गंगाक्का आपल्या खुर्चीवर बसल्या.

"अहो, काय आलंय आज?"

अण्णा हळूच वळले. बायकोच्या कपाळाकडे पाहिलं; तिथे घरच्या देव्हाऱ्यातली पांढरी विभूती होती. मग त्यांनी गवताकडे पाहिलं. या माणसाला तेव्हाही खोटं बोलता आलं नाही. "काय न्हाय आलं," ते म्हणाले. "नुस्तं गवत हाय."

"मग हाय ते दाखवा की."

अण्णांनी खिशातून भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा पुसलं. हरळीचं एक पातं दोन बोटांत धरून वाकवलं आणि भिंग गंगाक्कांच्या डोळ्याला लावलं. "नोड," म्हणाले.

मला ऑफिसला जायचं होतं. डबा भरून, आवरून मी पाऊण तासाने खाली आले तेव्हा ते दोघं तिथेच होते. अण्णा चादरीवर पालथे, आणि गंगाक्का खुर्चीतून इतक्या पुढे झुकलेल्या, की कपाळ गुडघ्यांना लागायला आलं होतं. गेटमधून ए विंगचा नवा भाडेकरू पाण्याची बाटली घेऊन धावत येत होता.

"मॅडम, आजी-आजोबांना काय झालं?"

मी त्याला हात आडवा करून थांबवलं. "काही झालेलं नाही," मी म्हटलं. "प्रॅक्टिकल चाललंय."